लाईट गेल्यावरही भोंगा वाजायला हवा

परळच्या हिंदमाताजवळील क्रिस्टल टॉवरला २२ ऑगस्ट २०१८ रोजी आग लागली आणि चार जणांचा जीव गेला. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू नव्हती, असे अग्निशमन दलाने तेव्हा सांगितले होते. अशा आगीनंतर चर्चा होते ती पंपांची, टाकीतल्या पाण्याची, स्प्रिंकलरची. फायर अलार्मच्या पॅनलमध्ये तळाशी ठेवलेल्या दोन लहान बॅटऱ्यांविषयी कुणी विचारत नाही. गिरगाव, लालबाग, दादरमधली कितीतरी कुटुंबे पुनर्विकासानंतर चाळीतून टॉवरमध्ये आली आहेत. चाळीत धूर दिसला की एका हाकेत सगळा मजला बाहेर येई. वीस-पंचवीस मजल्यांच्या इमारतीत ती हाक हूटरला द्यावी लागते, आणि ऐन वेळी हूटर चालतो तो बॅटरीवर.

बॅटरी लागते केव्हा?

मुंबई शहरात बेस्टची वीज क्वचित जाते, म्हणून बॅटरी ही नावापुरती वस्तू आहे असा समज रुजला आहे. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी ग्रिड बिघडून लोकलसकट सारी मुंबई थांबली, तेव्हा हा समज किती कच्चा आहे ते दिसले. पण लाईट जाण्यापेक्षा मोठे कारण आगीतच आहे. आग लागली की सर्वांत आधी इमारतीची वीज तोडतात आणि तोडायलाच हवी. आग मीटर रूममध्येच लागली असेल, तर पॅनलकडे जाणारी वायर कुणी हात लावण्याआधीच जळते. म्हणजे रहिवासी जिना उतरत असतात त्या मिनिटांत पॅनल, डिटेक्टर आणि हूटर या सगळ्यांचा भार त्या दोन बॅटऱ्यांवर असतो.

किती क्षमतेची?

याचे उत्तर दुकानदाराला विचारू नये, हिशेब करावा. वीज गेल्यावर यंत्रणा २४ तास जागी राहावी आणि त्यानंतरही अर्धा तास हूटर वाजावेत, हा बऱ्याच ठिकाणी वापरात असलेला निकष आहे. समजा, शांत असताना पॅनल ०.१५ अँपिअर घेते आणि सगळे हूटर वाजू लागले की १.२ अँपिअर. चोवीस तासांचे झाले ३.६, अर्ध्या तासाचे ०.६, एकूण ४.२ अँपिअर-तास. बॅटरी जुनी होईल तशी तिची ताकद घटते, म्हणून त्यात पाव भाग मिळवायचा: ५.२५. बाजारात याच्या वरची मिळते ती ७ अँपिअर-तासांची, तीच घ्यायची. पुढे पार्किंगमध्ये किंवा पोडियमवर हूटर वाढवले, तर हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. बहुतेक सोसायट्यांत हूटर वाढतात आणि बॅटऱ्या मात्र त्याच राहतात.

गरजेपेक्षा फार मोठी बॅटरी लावणेही चूकच. पॅनलचा चार्जर ठरावीक क्षमतेपर्यंतच बॅटरी वेळेत भरू शकतो. ती मर्यादा पॅनलच्या पुस्तिकेत दिलेली असते.

कोणती घ्यावी?

सीलबंद, पाणी घालावे न लागणारी १२ व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी. बहुतेक पॅनल २४ व्होल्टवर चालतात, म्हणून दोन लागतात. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या, एकाच वेळी बनलेल्या हव्यात. एक बिघडली म्हणून एकच बदलली, तर जुनी नवीला खाते. गाडीची बॅटरी थोडा वेळ जोरात वीज देण्यासाठी बनवलेली असते आणि इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. दोन्ही बंद पेटीत नकोत. लिथियमला वेगळा चार्जर लागतो, तेव्हा पॅनल त्यासाठी बनवलेले नसेल तर तीही नको.

लॅमिंग्टन रोडला किंवा लोहार चाळीत घ्यायला गेलात, तर किमतीआधी बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना वाचा. वर्षभर दुकानात पडून राहिलेली बॅटरी नवी नसते.

बसवताना

काम परवानाधारक एजन्सीच्या माणसाकडून करून घ्यावे. सेक्रेटरीने मात्र शेजारी उभे राहावे. रहिवाशांना आधी कळवा. अलार्मला लिफ्ट किंवा पंखे जोडलेले असतील तर ते आपोआप चालू-बंद होणार नाहीत याची व्यवस्था करा. एका बॅटरीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला जोडले की २४ व्होल्ट मिळतात. उरलेली लाल आणि काळी वायर पॅनलला. हातातली अंगठी, कडे काढून ठेवावे, कारण टोके चुकून जुळली तर मोठी ठिणगी उडते. चार्जिंग सुरू झाल्यावर दोन्हींवर मिळून साधारण २७ ते २७.६ व्होल्ट दिसायला हवेत. बसवल्याची तारीख मार्करने बॅटरीवरच लिहावी.

पॅनल कुठे आहे हेही बघा. वॉचमनच्या पत्र्याच्या केबिनमध्ये दुपारी जी धग असते, ती बॅटरीचे आयुष्य झपाट्याने कमी करते. तापमान आठ-दहा अंशांनी वाढले की हे आयुष्य जवळपास निम्मे होते. चौपाटीजवळच्या इमारतींत खारी हवा टोकांवर गंज चढवते. माझ्या मते मुंबईत पाच वर्षांची वाट बघू नये, तिसऱ्या वर्षी जोडी बदलावी. बिल्डरकडून ताबा घेताना बॅटऱ्यांची तारीख जरूर तपासा, कारण त्या बऱ्याचदा ताब्याच्या खूप आधी बसवलेल्या असतात.

चाचणी

नुसते व्होल्ट मोजून फसगत होते. मेलेली बॅटरीही भार नसताना १२ व्होल्टच्या वर दाखवू शकते. महिन्यातून एकदा पॅनलची वीज बंद करा, हूटर वाजवा आणि आवाज बसतो का ते ऐका. पॅनलवर पिवळा दिवा लागून बझर वाजत असेल, तर तो दोष कळवतो आहे. वॉचमनला बझर गप्प करायला नव्हे, फोन करायला शिकवा.

जुन्या बॅटऱ्यांत शिसे आणि आम्ल असते. भंगारवाल्याला देऊ नका. नवी घेताना दुकानदाराला परत करा. २०२२ च्या नियमांनुसार त्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. या वेळी त्यावर सही होण्याआधी एजन्सीच्या माणसाला पॅनलची वीज बंद करायला सांगा आणि हूटर सगळ्यांत वरच्या मजल्यावर उभे राहून ऐका.