जर, तर आणि महाड!

माहीत आहे का? इंग्रजांना खणखणीत 'इफ' ऐकावा लागला, तो आपल्या रायगडावर! साल १६७४. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर, दुभाषी नारायण शेणवी. कंपनीची एक मागणी अशी, की आमची नाणी तुमच्या मुलखात चालावीत. महाराजांचं उत्तर? नाणं वजनाला आणि कसाला इतरांच्या तोडीचं असेल, तर मनाई नाही. पण रयतेला तोटा होणार असेल, तर सक्तीही नाही. एका दमात दोन 'तर', आणि दोन्ही खणखणीत!

आता नाण्यावरून थेट नोटेवर उडी! महाडजवळच्या नाते गावात १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१८ मध्ये आयसीएसला पहिले आले आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. नोटेवर त्यांची सही, सोबत वचन: 'आय प्रॉमिस टू पे द बेअरर...'. ना 'इफ', ना 'वुड'! 'आय वुड पे' छापलं असतं, तर ती नोट कुणी घेतली असती?

थांबा, आत्ताच्या वाक्यात 'तर'च्या आधी 'असतं' आणि नंतर 'असती' दिसलं? मराठीची ही ऐट! म्हणूनच आपल्या तोंडी पटकन येतं, 'इफ आय वुड हॅव गॉन'. इंग्रजी म्हणते, 'इफ'च्या घरात 'हॅड', 'वुड'ची खोली पलीकडे. आणि खुद्द इंग्रज? 'वुड'व्ह' ऐकून 'वुड ऑफ' लिहिणारे तिथे ढिगानं सापडतात!

'कुड'मधला 'एल' तर चक्क घुसखोर. 'वुड' आणि 'शुड' यांच्या स्पेलिंगमध्ये तो होता, म्हणून यालाही चिकटवला.

'शुड'वरून आठवलं. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत. ठराव शिफारशीचा होता, आणि इंग्रजीत 'रेकमेंड'नंतर 'शुड' गाळून नुसतं 'बी अलाउड' चालतं. महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं, पण कागदावर! २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं तळ्यावर गेली, पाणी प्यायली, तेव्हा कुठे त्या ठरावात जीव आला.

चला, 'जर-तर' पुरे, आता 'इन' आणि 'ॲट'साठी एसटी पकडू! 'आय विल बी इन पोलादपूर बाय सिक्स', पण 'द बस विल स्टॉप ॲट पोलादपूर'. मुक्काम असेल तर 'इन', नुसता थांबा असेल तर 'ॲट'. महाबळेश्वरला निघालेल्यांचं पोलादपूर 'ॲट', तिथल्या घरच्यांचं 'इन'!

आणि बसमध्ये बसूनही 'ऑन द बस' का? सोपी खूण: कंडक्टर तिकिटं देत आत फिरू शकतो, म्हणून 'ऑन'. रिक्षात गुडघे आवळून बसायचं, म्हणून 'इन'. सावित्री नदीतल्या छोट्या होडीत 'इन', बाणकोटच्या खाडीत मोठी लाँच मिळाली, तर 'ऑन'!