हौदातले पाणी आणि भिंतीची जाडी

अंगणात हौद बांधायचा आहे. बाहेरून लांबी ६ फूट, रुंदी ५, उंची ४. गुणाकार केला, १२० घनफूट पाणी मावेल असे ठरवून घरमालक निश्चिंत झाला. पण पाणी राहणार आत, आणि माप घेतले बाहेरून! भिंतीची व तळाची जाडी एकच, पण किती ते अजून ठरलेले नाही. तिला क्ष म्हणू. (भास्कराचार्य अशा अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत.)

समोरासमोर दोन भिंती, म्हणून आतली लांबी ६ − २क्ष, रुंदी ५ − २क्ष. खोलीतून मात्र एकच क्ष जाईल. हौदाला तळ आहे, झाकण नाही. पुष्कळजण चुकतात ते येथेच. ती चूक बीजगणिताची नव्हे, हौद डोळ्यांपुढे न आणल्याची. तिन्हींचा गुणाकार केला की बहुपदी येते:

१२० − ११८क्ष + ३८क्ष² − ४क्ष³

ही कोरडी वाटेल. पण तिचे प्रत्येक पद हौदावर बोट ठेवून दाखविता येते. चार भिंती व तळ यांचे बाहेरचे क्षेत्रफळ ११८ चौरस फूट. तेवढे थर वजा करताना, जेथे दोन थर मिळतात त्या कडा दोनदा गेल्या. त्यांची एकूण लांबी ३८ फूट. त्या एकदा परत मिळविल्या. तळाचे चार कोपरे तर तीनदा गेले नि तीनदा परत आले, म्हणून शेवटी ते एकेकदा वजा.

आता क्ष अर्धा फूट धरा. १२० − ५९ + ९.५ − ०.५, म्हणजे ७० घनफूट. उरलेले ५० घनफूट, सुमारे १४०० लिटर पाण्याची जागा, विटांनी घेतली. हा हिशेब गवंडी येण्यापूर्वी करावयाचा.