गोळीबाराच्या गेममधला ‘पॉज’ कुठे गेला?

“बस, ही एक मॅच संपवतो!” हे वाक्य ज्या घरात ऐकू येत नाही असं घर आज सापडणं कठीण. ताट वाढलेलं असतं, मगरिबची अजान होते, आखातातून अब्बांचा व्हिडिओ कॉल येतो, आणि मुलगा मोबाईलमधून मान वर काढत नाही. मुलगा ऐकत नाही हे खरं. पण गेमच असा बनवलाय की तो मध्येच सोडता येत नाही, हेही तितकंच खरं. हे कसं घडलं ते पालकांनी समजून घ्यायला हवं.

फर्स्ट पर्सन शूटर म्हणजे ज्यात स्क्रीन हेच खेळणाऱ्याचे डोळे असतात. समोर फक्त हात आणि बंदूक दिसते. अमेरिकेच्या आयडी सॉफ्टवेअर कंपनीने १९९२ मध्ये ‘वोल्फेन्स्टाइन थ्रीडी’ आणि डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ आणला. डूममध्ये भूलभुलैयातून फिरायचं, रंगीत चाव्या शोधून दारं उघडायची, जखमी झालं की औषधाची पेटी शोधायची. मान वर-खाली करून बघायचीही सोय नव्हती. पण गेम हवा तेव्हा थांबवता यायचा, आणि शेवटची लेव्हल पार केली की तो संपायचा.

१९९६ च्या ‘क्वेक’मध्ये जग खरोखर त्रिमितीय झालं आणि इंटरनेटवरून दुसऱ्या माणसाशी खेळणं वाढलं. १९९९ मध्ये ‘काउंटर स्ट्राइक’ आला. पुढे आपल्याकडच्या सायबर कॅफेतही पोरं तो खेळायची. यात दोन टीम, आणि मेलात तर राउंड संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं. समोर जिवंत माणूस आला आणि पॉजचं बटण गेलं. आपण उठलो तर आपली टीम हरणार!

मग जखमेचा हिशोब बदलला. ‘हेलो’मध्ये (२००१) थोडा वेळ मार चुकवला की कवच आपोआप भरायचं. ‘कॉल ऑफ ड्यूटी २’ने (२००५) तीच सवलत जिवाला दिली. पेट्या शोधण्यात जाणारा वेळ वाचला, गेमचा वेग वाढला. २००७ च्या ‘मॉडर्न वॉरफेअर’मध्ये प्रत्येक मॅचला पॉइंट, पॉइंटवर लेव्हल, लेव्हलवर नवी बंदूक. म्हणजे हरलं तरी काहीतरी पदरात पडतंच. ‘अजून एक’ म्हणायची सवय इथून पक्की झाली.

मोबाईलवर हे सगळं एकत्र आलं. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीच्या ‘मास्कगन’मध्ये निशाणा लागला की गोळी आपोआप सुटते, लहान मुलालाही जमतं. २०१८ मध्ये पबजी मोबाईल आला. त्यात खेळाडू बहुधा पाठमोरा दिसतो, पण डोळ्यांतून बघायचा पर्यायही आहे. शंभर जण उतरतात, मैदान लहान होत जातं, शेवटी एकच टीम उरते. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. २०२१ मध्ये तोच खेळ भारतासाठी ‘बीजीएमआय’ नावाने आला. २०२२ मध्ये तोही बंद झाला आणि २०२३ मध्ये परत सुरू झाला. रोजचं बक्षीस आणि ठरावीक महिन्यांचा ‘सीझन’ असल्यामुळे हा गेम कधी संपतच नाही.

मग करायचं काय? घड्याळाऐवजी मॅच मोजा. बीजीएमआयच्या मोठ्या नकाशावरची मॅच साधारण अर्धा तास चालते, टीम डेथमॅच दहा मिनिटांत आटोपते. म्हणून “आता बंद कर” यापेक्षा “अजानच्या आधी अर्धा तास नवी मॅच सुरू करायची नाही” हा नियम मुलं पाळू शकतात.

१८ वर्षांखालच्या मुलांना बीजीएमआय दिवसाला तीनच तास खेळू देतो. पण वय खोटं टाकलं तर ही मर्यादा लागूच होत नाही. खातं कोणत्या वयाने उघडलंय ते बघा. बंदुकीचे ‘स्किन’ खऱ्या पैशाने मिळतात, तेव्हा यूपीआयचा पिन आणि ओटीपी मुलांच्या हाती देऊ नका. हेडफोनमध्ये कोण बोलतंय तेही विचारा.

आणि एकदा मुलाशेजारी बसून पूर्ण मॅच बघाच. कुठे थांबता येतं आणि कुठे नाही, हे तोच तुम्हाला दाखवील. मग तुम्ही ठरवलेला नियम त्यालाही पटेल.