खडखड डावीकडून येतेय

गुरुवार म्हणजे भोसरी एमआयडीसीची सुट्टी. प्रेस शॉपचे ठोके थांबलेत, माल वाहणारे टेम्पो कडेला झोपलेत आणि लांडेवाडीजवळच्या या पत्र्याच्या गॅरेजसमोर मात्र गाड्यांची रांग आहे. कामगारांना गाडी दाखवायला हाच वार सापडतो. मिस्त्रींनाही हाच वार सोयीचा. आजूबाजूची यंत्रं बंद असली की गाडीचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. त्यांना इथं सगळे मामा म्हणतात.

आत्ता समोर एक जुनी हॅचबॅक उभी आहे. मालक तरुण, चाकणच्या एका कारखान्यात शिफ्टला जाणारा. मोशीवरून नाशिक हायवेनं रोजची ये-जा.

"मामा, पुढून खडखड येतेय. एकानं दोन्ही जंपर बदला म्हणून सांगितलंय."

"डिकी रिकामी करा आधी."

छत्री, जॅक, पाण्याचे कॅन बाहेर येतात. मामा स्टेपनीचा नट हातानं आवळून बघतात, बॅटरीची पट्टी हलवून बघतात. दोन्ही घट्ट. मग स्वतः स्टेअरिंगवर बसतात. मालक शेजारी, मी मागे. काचा खाली, पंखा बंद, रेडिओ बंद.

पुढच्या गल्लीत स्पीडब्रेकर आहे. मामा गाडी सरळ त्याच्यावर घालतात. पुढची दोन्ही चाकं एकदम चढतात, एकदम उतरतात. आवाज नाही. गाडी एकदाच दबते आणि स्थिर होते.

"जंपर गेला असता तर उतरल्यावर झुलत राहिली असती," मामा म्हणतात.

आता ते गाडी वळवून कडेला घेतात. पाइपलाइनसाठी खणून अर्धवट बुजवलेला चर आहे, त्यातून फक्त डावं चाक जातं. खट्-खट्. मालक लगेच मान वळवतो. तोच चर परत येताना उजव्या चाकाखाली येतो. आवाज येतो, पण दबका. मग ब्रेक मारून, रिव्हर्स घेऊन बघणं होतं. लोअर आर्मचा बुश फाटला असता तर इथं धप्प असा दणका बसला असता. बसत नाही. जागच्या जागी स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतं. स्ट्रटच्या वरच्या माउंटचा बेअरिंग धरत असता तर स्प्रिंग कुरकुरली असती. तीही गप्प.

गॅरेजकडे परत येईपर्यंत मामांचं ठरलेलं असतं. मालकाला ते सांगतात, की पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक दांडा असतो, स्टॅबिलायझर बार. दोन्ही चाकं बरोबर वर गेली की तो आपल्या रबरांत नुसता फिरतो. एकच चाक वर गेलं की त्याला पीळ पडतो आणि सगळा ताण टोकाच्या दोन लिंक रॉडवर येतो. म्हणून सरळ ब्रेकरवर शांत आणि चरात खडखड.

गाडी जॅकवर चढत नाही, खड्ड्यावर घेतली जाते. खड्डा म्हणजे माणूस उभा राहील एवढा सिमेंटचा चर, त्याच्या दोन्ही काठांवर चाकं. वर गाडीचं पूर्ण वजन चाकांवरच आहे. एकच बाजू जॅकनं उचलली तर ते चाक लोंबकळतं, बारला पीळ बसतो, आणि लिंकच्या सांध्यातला ढिलेपणा त्या ताणात दडून बसतो. हात लावावा तर सगळं घट्ट.

मामा खाली उतरतात. बल्बच्या उजेडात डाव्या लिंकच्या वरच्या सांध्याभोवती दोन बोटं धरतात.

"बारक्या, हलव."

पोरगा वरून गाडी आडवी झुलवतो. मामा मालकाला खाली बोलावतात, त्याचं बोट तिथंच टेकवतात. प्रत्येक झोक्याला बोटाखाली बारीक टक् लागतो. कानाला जेमतेम, बोटाला स्पष्ट. रबरी टोपी एका बाजूला चिरलीय. आत ग्रीस असायला हवं, तिथं काळपट चिखल आहे.

नट गंजलाय. तेल मारून थोडं थांबावं लागतं. नट फिरवला की आतला बोल्टही बरोबर फिरतो, म्हणून टोकाच्या षटकोनी खाचेत ॲलन की अडकवायची आणि सतराचा रिंग पाना तिच्याभोवती थोडा थोडा सरकवायचा. लिंक हातात येते तेव्हा तिचं डोकं दुधाच्या दातासारखं हलतंय. नव्या लिंकचं डोकं अंगठ्यानं जोर लावल्याशिवाय सरकत नाही.

मालकाच्या मनातून जंपर अजून गेलेले नाहीत. मामा फडक्यानं दोन्ही जंपर पुसून फडकं त्याच्यापुढे धरतात. धूळ आहे, तेलाचा ओला डाग नाही. टायरही सगळीकडून सारखाच झिजलाय. जंपर बनवणाऱ्या गेब्रियलचा कारखाना याच पट्ट्यात, चाकणला आहे. माल मिळण्याची अडचणच नाही. मामा म्हणतात, "मिळतो म्हणून बसवायचा का?"

मामांचा हात इंडिकावर बसलाय. १९९८ च्या अखेरीला बाजारात आलेली ती गाडी टेल्कोच्या इथल्याच, पिंपरीच्या कारखान्यातली. तिच्याही पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रटच होते. गाड्या बदलल्या, सांधे तेच राहिले.

लिंक जोडीनं बदलल्या जातात. अलाइनमेंटची गरज नाही, कारण चाकाचा कोन कुठं हललेलाच नाही. पुन्हा तोच चर, आधी डावं चाक, मग उजवं. टायरची घरघर तेवढी ऐकू येते. मालक तिथंच फोन काढून पैसे पाठवतो.

शेजारी बारक्या दुसऱ्या गाडीला नवा लोअर आर्म लावतोय. गाडी घोडीवर, चाक अधांतरी, आणि तो पान्यावर पाय देऊन बुशचा बोल्ट आवळायला निघालाय. असा आवळला तर बुशचं रबर लोंबत्या चाकाच्या जागी जखडतं. गाडी खाली आली की त्याला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. आणखी एक खडखडणारी गाडी दारात.

"ए, नुसता हातानं लाव तो," मामा ओरडतात. "चाकं टेकू दे, गाडीचं वजन येऊ दे. मग आवळ."