राणीमुंगीचे नवे बिऱ्हाड

मुंगीला पंख फुटणे हे मरणाचे लक्षण समजतात. नरांविषयी ते खरे, राणीविषयी नव्हे. पावसाळ्याच्या आरंभी बुलढाणा जिल्ह्यातील शिवारांत काळ्या मुंगळ्यांच्या पंख गळालेल्या राण्या वारुळासाठी जागा शोधताना आढळतात.

अशी राणी निरीक्षणार्थ पाळावयाची असल्यास काचेच्या नळीच्या तळाशी पाणी भरून त्यावर कापसाचा बोळा घट्ट बसवावा. राणी आत सोडून तोंडासही कापूस लावावा व नळी अंधारात ठेवावी. अन्न घालू नये. उड्डाणाचे स्नायू व अंगातील चरबी जिरवून ती स्वतःस व पहिल्या अळ्यांस पोसते. वरचेवर उजेडात काढल्यास ती आपलीच अंडी खाऊन टाकते. साधारण दीड-दोन महिन्यांनी कामकरी मुंगळे निघाले, म्हणजे मधाचे पाणी व मेलेला किडा द्यावा.

उड्डाणाच्या वेळी झालेल्या समागमावर राणी वर्षानुवर्षे अंडी घालते. म्हणून कपाशीवर माव्याच्या गोड स्रावासाठी चढणारे मुंगळे कितीही मारले, तरी वारूळ ओस पडत नाही. शहाण्या शेतकऱ्याने उपाय मुंगळ्यांवर न करता माव्यावर करावा, हे उत्तम.