एस्टोनियाला साडेसात लाख ओळखपत्रं का थांबवावी लागली?

एस्टोनियाची लोकसंख्या जेमतेम 13 लाख, म्हणजे नाशिक शहरापेक्षाही कमी. पण आयकर विवरणपत्र, डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन, कंपनीची नोंदणी आणि 2005 पासून चक्क मतदानसुद्धा तिथे ऑनलाइन होतं. हे सगळं उभं आहे चिप बसवलेल्या सरकारी ओळखपत्रावर. पिन टाकून केलेली डिजिटल सही तिथे कायद्याने हाताच्या सहीइतकीच ग्राह्य धरली जाते.

2017 मध्ये संशोधकांना या चिपमध्ये दोष सापडला. प्रत्येक कार्डात दोन डिजिटल किल्ल्या असतात, एक सगळ्यांना दिसणारी आणि दुसरी गुप्त. दिसणाऱ्या किल्लीवरून गणिताने गुप्त किल्ली शोधणं शक्य होतं. खर्चिक, पण शक्य. म्हणजे दुसराच कुणी तुमच्या नावाने सही करू शकला असता!

सरकारने सप्टेंबरमध्ये दोष जाहीर केला, तरी ऑक्टोबरच्या स्थानिक निवडणुकीत ऑनलाइन मतदान सुरूच ठेवलं. हा तसा जुगारच होता. अखेर 3 नोव्हेंबरच्या मध्यरात्री सुमारे साडेसात लाख कार्डांची डिजिटल प्रमाणपत्रं थांबवण्यात आली. कार्ड घरबसल्या अपडेट करता येत होतं, पण सर्व्हरवर ताण आला आणि कार्यालयांबाहेर रांगा लागल्या. मोबाइलच्या सिमवर चालणारी ओळख मात्र या दोषातून सुटली, त्यामुळे ती वापरणाऱ्यांची कामं अडली नाहीत.