पडद्यावरची जीप, बाजारातली जीप

जुळे सोलापुरातही मुले मोबाइलवर लढाईचे खेळ खेळतात. अशा खेळांत महायुद्धातली विलिस जीप असते, तशी अलीकडची हमवीही. दुसऱ्याच्या मालाचे रूप असे वापरता येते काय, हा प्रश्न व्यापारी बांधवांना पडेल.

हमवी बनविणाऱ्या एएम जनरल कंपनीने 2017 मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या कंपनीवर दावा लावला. 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने निकाल विरोधात दिला. गाडीमुळे खेळातले युद्ध खरे वाटते, गिऱ्हाइकाची फसगत होत नाही, असे कारण दिले.

बाजारातला न्याय वेगळा. 1945 मध्ये 'महिंद्र अँड मोहम्मद' नावाने सुरू झालेल्या कंपनीने पुढे विलिस जीपची जुळणी केली. त्याच वारशातील तिची 'रॉक्सर' जीपसारखी दिसते म्हणून 2020 मध्ये अमेरिकेत रोखली गेली. ठेवण बदलावी लागली.

आपल्या सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. पडद्यावर चादर दिसली तर बिघडत नाही; परगावचा माल 'सोलापुरी' म्हणून विकला गेला, तर विणकराची भाकरी जाते. म्हणून कारागीर बांधवांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावे, असे आम्ही सुचवितो.